तहकुबीचा अर्धा तास

आमच्या कॉलनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस वर्षानुवर्षं एकच आहे. सचिव फक्त जुनी तारीख खोडून नवी घालतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, पाण्याबाबत विचार करणे, घळीबाबत विचार करणे, राखेबाबत विचार करणे, मोकाट कुत्र्यांबाबत विचार करणे, आणि सगळ्यांच्या शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. कुत्र्यांबाबत इतक्या सातत्याने विचार करणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही. खुद्द कुत्र्यांना त्याचं काही वाटत नसावं, ती त्या नोटिशीखालीच सावली धरून झोपलेली असतात. पण माझा जीव जडला आहे तो नोटिशीच्या तळाशी, बारीक अक्षरांत छापलेल्या एका वाक्यावर. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा कुठल्याशा नियमावलीत घातलं, त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. माणसं वेळेवर येणार नाहीत हे त्याने गृहीत धरलं, त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही, आणि न आलेल्यांची वाट किती वेळ पाहायची एवढंच ठरवून टाकलं. अर्धा तास. त्यापुढे जे आले असतील ते पुरेत.

सभा पाचची असते आणि पाचला ती भरल्याचं मला एकदाही आठवत नाही. बहुतेक मंडळी साडेपाचला येतात, कारण त्यांनी नोटीस शेवटपर्यंत वाचलेली असते. पाचच्या ठोक्याला ओपन स्पेसमधल्या मंदिराच्या ओट्यावर येऊन बसतात ती आठ-दहा डोकी म्हणजे आयुष्यभर भोंग्यावर उठलेली माणसं. त्यांना उशिरा येणं जमतच नाही. सचिव मनगट वर करून घड्याळ बघतात, रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकतात आणि कोर्टातल्या शिरस्तेदाराच्या सुरात जाहीर करतात, ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब.’ तशी वहीत नोंद होते. आणि मग तो अर्धा तास सुरू होतो, ज्याची नोंद कुठेच नसते. सभा नाही म्हणजे अध्यक्षमहाराज नाहीत, सूचक नाही, अनुमोदक नाही. बोललेलं इतिवृत्तात जाणार नाही, त्यामुळे माणसं खरं बोलतात. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग घराच्या निमित्ताने सभांना बसतो आहे. त्या शंभराहून अधिक वर्षांत किती अर्धे तास असे वहीबाहेर सांडले असतील, आणि त्यात काय काय मार्गी लागून गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात सापडायचा नाही.

भुसावळहून वरणगावकडे निघालं की फेकरीच्या आसपास दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात शेतं मोडून जे ले-आउट पडले, त्यांतला एक आमचा. पुढे रस्ता, मागे घळ. तापी इथून लांब नाही. मुलताईला निघून सुरतेपाशी समुद्राला मिळेपर्यंत ती ७२४ किलोमीटर चालते, आणि या चालण्यात सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खोलगटात तिने आणि पूर्णेने मिळून युगानुयुगं गाळ ओतला आहे. दुरून पाहावं तर केळीची हिरवी सपाटी नजर पोचेल तिथवर पसरलेली. काठाकडे चालत गेलं की मात्र पायाखालची जमीन एकाएकी विचार बदलते. पिवळ्या मातीचे उभे कडे, त्यांत पावसाने कोरत नेलेल्या बोळी, बोळींना फुटलेल्या बोळी, तळाशी बाभळी आणि हिवर. त्यातलीच एक बोळ शेतं ओलांडत आमच्या मागच्या रस्त्यापर्यंत आलेली आहे. माझा अमेरिकेतला भाचा एकदा तिच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मामी, हा तर कॅनियन आहे.’ कॉलनीला ते ऐकून बरं वाटलं. आठवडाभर सगळे कॅनियन म्हणत होते, मग पाऊस झाला आणि परत घळ झाली.

ही घळ दर पावसाळ्यात थोडी पुढे सरकते. फार नाही, एखादा हात, एखाद्या वर्षी दोन. ले-आउटचा नकाशा ज्याने काढला तो बहुधा मे महिन्यात आला असावा. कोरड्या घळीकडे पाहून त्याने तिथे एक सरळ रेघ मारली आणि तिच्या अलीकडे लिहिलं, ‘९ मीटर रुंद रस्ता’. नकाशा मंजूर झाला, शिक्के बसले, आणि रेघ तिथेच राहिली. घळ मात्र नकाशे बघत नाही. आज त्या नऊ मीटरांतून एक बैलगाडी कशीबशी जाईल, तीही बैल समजूतदार असले तर. काठाच्या प्लॉटवर राहणाऱ्या आक्का एका तहकुबीत म्हणाल्या होत्या, ‘ते घळ आता माह्या आंगनात येऊन राह्यली. तिले पन मेंबर करून घ्या ना एकदाचं.’ यावर खजिनदारांनी विचारलं, ‘वर्गणी कोन भरीन तिची?’ आक्का म्हणाल्या, ‘बाकीचे तरी कुठी भरतात?’ मग बराच वेळ कुणी वर्गणीचा विषय काढला नाही.

कॉलनीतल्या निम्म्याहून अधिक घरांतला कर्ता पुरुष दीपनगरातून निवृत्त झालेला. कुणी बॉयलरवर होता, कुणी कोळसा हाताळणीत, कुणी राखेच्या बाजूला. माझा नवरा टर्बाइनवर. ही माणसं स्वतःची ओळख अशी सांगतात की जणू गोत्र सांगताहेत. १९७९ साली दोन नंबरचा संच लागला, १९८२ साली तीन नंबरचा, दोन्ही २१० मेगावॉटचे; मग पुष्कळ वर्षांनी ५०० चे दोन आले, आणि आता ६६० चा. यांच्या तोंडी मात्र ‘आपलं दोन नंबर’ आणि ‘आपलं तीन नंबर’. वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या त्याला, म्हणजे २००५ ला, दोन दशकं उलटून गेली, तरी आमच्याकडे पेन्शनीपासून पितळी घड्याळापर्यंत सगळं ‘बोर्डाचं’ असतं.

वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि त्या वर्षांत घर ही एक दुरुस्त करायची वस्तू असते हे आमच्या गावीही नव्हतं. नळ गळला, सिव्हिलला सांगा. दिवा गेला, कंप्लेंट रजिस्टरात लिहा. भिंतीला ओल आली, तीही बोर्डाचीच. शिफ्ट संपवून नवरा घरी यायचा आणि वर चिमणीच्या धुराकडे बघून सांगायचा, आज लोड चांगला आहे. निवृत्तीनंतर प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि पहिल्या पावसात गच्ची गळली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. सांगायचं कुणाला? असे पन्नास-साठ संसार एका ले-आउटवर एकाच वेळी मालक झालेले, आणि मालकी कशी करतात हे एकालाही ठाऊक नाही. तेव्हा त्यांनी त्यांना जमत होतं ते केलं. संघ स्थापन केला, आणि तो वीजकेंद्रासारखा चालवायला घेतला.

हे काम ज्यांनी केलं त्या पहिल्या अध्यक्षांना अख्खी कॉलनी नाना म्हणायची. नाना बॉयलरवाले. त्यांनी आवक-जावक रजिस्टर घातलं, बोअरच्या पंपाला लॉगबुक लावलं, आणि पंप चालू करणाऱ्याने वेळ, प्रवाह आणि सही टाकल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही असा दंडक घातला. रस्त्यावरचा दिवा बदलायला वायरमन आला तर नाना त्याच्याकडे आधी परमिट मागत. रात्रीच्या राखणीला त्यांनी ‘नाईट शिफ्ट’ म्हटलं, आणि सकाळी राखणदाराकडून रीतसर चार्ज घेतला. काय काय झालं? काही नाही साहेब. कुत्रे? भुंकले. किती वाजता? तो गरीब माणूस सांगायचा, तीनच्या सुमारास. नाना लिहून घ्यायचे. ती वही अजून आहे. एखाद्या दुपारी चाळत बसावं अशी. वर्षानुवर्षांच्या रात्री त्यात ओळीने झोपलेल्या आहेत, आणि बहुतेक रात्रींपुढे एकच शब्द आहे, ‘नॉर्मल’.

घळ थोपवायला नानांनी काठाने कडुनिंब लावले. वीजकेंद्रात कुठलंही महत्त्वाचं यंत्र एकटं नसतं. पंप असला तर ए, बी आणि सी, दोन चालू आणि एक तयारीत. नानांनी झाडांच्या बुंध्यांवर गेरूने तसंच लिहिलं. नीम १-ए, नीम १-बी, नीम १-सी, आणि सी पुढे कंसात ‘स्टँडबाय’. ते तयारीतलं झाड नेमकं काय करायच्या तयारीत होतं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. एका श्रावणात रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी नीम १-ए घळीच्या तळाशी आडवा पडलेला, मुळं आभाळाकडे करून. लोक हळहळले. नाना छत्री धरून काठावर उभे होते. ते म्हणाले, ‘बी लाइनीत आहे ना? मग ठीक. सी ला सर्व्हिसमध्ये घ्या.’ आणि खरोखरच त्या पावसाळ्यापासून सी ने अंग धरलं. आज त्याची सावली सगळ्यांत दाट आहे. निंबाच्या मुळांना माती मोकळी झाली की खोल जावंसं वाटतं, असं याचं शास्त्र कुणी सांगेलही, पण आमच्या कॉलनीत त्या झाडाला बढती मिळाली असंच मानतात.

राखेचा विषय नाजूक. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख हातात उरते. तिच्यातली नव्याण्णव टक्क्यांहून जास्त धुरातून ओढून काढणारी यंत्रं असतात, ती राख पाण्यातून वेल्हाळ्याच्या तलावात जाते, आणि चैत्र-वैशाखात तलावाच्या कडा सुकल्या आणि वारा सुटला की बारीक, मऊ, राखाडी पूड हवेत उठते. हे सगळं पायरीपायरीने सांगू शकतील अशी किमान वीस माणसं आमच्या कॉलनीत आहेत, कारण त्यांनी ते चालवलेलं आहे. म्हणूनच राखेबद्दल तक्रार कुणाची करायची हा पेच पडतो. ज्या चुलीवर आपली भाकरी भाजली गेली तिच्याकडे बोट कसं दाखवायचं? आमच्या मंडळींनी यातून वाट काढली आहे. ते वाऱ्याला दोष देतात. ‘औंदा वाराच बेक्कार,’ असं म्हणतात, आणि दोरीवरचे कपडे झटकतात. एका वर्षीचा ठराव माझ्या लक्षात आहे, ‘पश्चिमेकडील वाऱ्याबाबत सभेने तीव्र नापसंती व्यक्त केली.’ मंजूर, सर्वानुमते. आणि गंमत अशी की त्या कपड्यांमागची भिंतही राखेचीच. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून औष्णिक केंद्रांच्या ५० किलोमीटरच्या परिघात मातीच्या विटांत निदान पाव हिस्सा राख मिसळायची सक्ती केली. पुढे राखेच्याच विटा निघाल्या. आमच्यातल्या पुष्कळांची घरं त्या विटांची आहेत. माझा नवरा कधीकधी भिंतीवर तळहात टेकून उभा राहतो, आणि आपण जाळलेल्या कोळशाशी त्याची काहीतरी बोलणी चाललेली असावीत असं मला वाटतं.

पाण्याबद्दल काय सांगावं. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, आणि येतो तेव्हा रात्री दोनला येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कूलरला पाणी घालायचं की माणसांना, असा घरोघर पेच. याउलट पावसाळ्यात कॉलनी पाण्याबद्दल बोलते ती धनाढ्य नातलगाबद्दल बोलावं तशी. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचं धरण आहे, त्याला ४१ दरवाजे. आज किती उघडले, पूर्ण की अर्धे, किती क्युसेक सोडले, हे सगळ्यांना तोंडपाठ. इतकं पाणी आपल्या बाजूने वाहून जातंय याचा सगळ्यांना अभिमान. ते आपल्या नळाला का येत नाही, हा प्रश्न दिवाळीनंतर विचारायचा.

भाच्याचं मी मघाशी म्हटलं. तो लॉस एंजेलिसच्या टेकड्यांत राहतो, त्याच्या गल्लीतल्या घरांचाही संघ आहे, आणि त्या संघालाही घळीबाबत विचार करावा लागतो. तिकडे अशा कॅनियनवाल्या संघांचा मिळून एक महासंघ आहे, तो १९५२ पासूनचा. मी हे तहकुबीत सांगितलं तेव्हा सचिव अस्वस्थ झाले. आपल्याला जिल्हा पातळीवर काहीच नाही, हे त्यांना लागलं. घरापासून दोनशे फुटांपर्यंतचं वाळलेलं झुडूप काढलं नाही तर तिकडे अग्निशमनवाले नोटीस लावतात. शिवाय डोंगरावरची ती जगप्रसिद्ध पांढरी अक्षरं बघायला येणाऱ्यांच्या मोटारी बीचवूड कॅनियनमधल्या रहिवाशांच्या दारापुढे लागतात, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. आता ती अक्षरं म्हणजे मुळात काय? १९२३ साली तिथे प्लॉट विकायला काढले होते, त्याची जाहिरात. तेव्हा ‘हॉलिवूडलँड’ असा लांबलचक शब्द होता, १९४९ मध्ये शेवटची चार अक्षरं काढून टाकली. हे ऐकून आमच्या ओट्यावर शांतता पसरली. हमरस्त्यावरचे ‘एन.ए. प्लॉट, सुलभ हप्ते, बस स्टॉपपासून पाच मिनिटांवर’ असे पत्र्याचे फलक सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार, आणि त्यांतल्या एखाद्यासमोर शंभर वर्षांनी परदेशी पाहुणे फोटो काढत आहेत असं चित्रही.

तिकडे एक डोंगरसिंह होता. नाव नाही, नंबर, पी-२२. बाराशेंवर चौरस किलोमीटरच्या शहराच्या मधोमध एका टेकडीवर तो दहाएक वर्षं एकटा राहिला, आणि २०२२ च्या डिसेंबरात गेला तेव्हा शहराने त्याची शोकसभा भरवली. आमच्याकडेही दर हिवाळ्यात घळीत बिबट्या येतो. त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि तो प्रत्येक वेळी आदल्या रात्रीच येऊन गेलेला असतो. पावलांचे ठसे निघतात, नाईट शिफ्ट दुप्पट होते, मुलांना संध्याकाळी घरात घेतलं जातं. मग कळतं की ठसे नोटिशीखाली झोपणाऱ्या मंडळींपैकी कुणाचे तरी आहेत. तरी बिबट्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. घळीला बिबट्या असणं हे तिच्या प्रतिष्ठेला शोभतं असं आतून सगळ्यांना वाटत असावं.

२०२५ च्या जानेवारीत तिकडे वणवे पेटले आणि भाच्याचा फोन आला. घर सुखरूप, पण अंगणात, मोटारीवर, खिडक्यांच्या चौकटींवर राख पडतेय, मामी, काय करू कळत नाही. मी फोन नवऱ्याकडे दिला. त्याचा आवाज एकदम कंट्रोल रूमचा झाला. पाणी मारू नको आधी. ओली झाली की धरून बसते. मऊ फडक्याने झटक, घासू नको, काच खरवडेल. नाकाला रुमाल बांध, दमट असू दे. दारांच्या फटींना ओलं फडकं लाव. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली आणि चार-पाच निवृत्त तज्ज्ञ आपापल्या सूचना घेऊन आमच्या ओसरीत आले. राखेच्या विभागात ज्यांचं आयुष्य गेलं ते गृहस्थ फोनवर भाच्याला बराच वेळ समजावत होते, इंग्रजीची जुळवाजुळव करत, आणि मध्येच लेवा बोलीत घसरत, ‘घाबरू नको रे बावा, राख काई वाईट नसते, तिले फक्त बसू द्यायची नाई.’ भाच्याने नंतर सांगितलं की त्या दिवसांत त्याला जे जे फोन आले त्यांतला हा एकच कामाचा होता.

कॉलनीत दोन शेजारी आहेत, त्यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीवर आंब्याची एक फांदी. पानं कुणी झाडायची यावरून सुरू झालेला अबोला मुलांच्या लग्नांतही मोडला नाही. सभेत मात्र दोघंही पाचच्या ठोक्याला हजर, ओट्याच्या दोन टोकांना. नवरा एकदा मला म्हणाला होता की नवा संच सुरू करणं सोपं, तो चालू ग्रिडला जोडणं अवघड. दाब जुळावा लागतो, गती जुळावी लागते, लय जुळावी लागते. त्यासाठी सिंक्रोस्कोप नावाची तबकडी असते, तिच्यावर एक काटा गरगर फिरत असतो. गती कमी-जास्त करत राहायचं, बोलायचं नाही, घाई करायची नाही. काटा सावकाश होत होत बाराच्या खुणेवर येऊ घातला की त्या क्षणी ब्रेकर टाकायचा. एक क्षण आधी-नंतर झाला तर अख्खं यंत्र हबकतं. गेल्या वर्षीच्या तहकुबीत पाऊस नुकताच थांबलेला होता, घळीतून पाण्याचा आवाज येत होता. एका टोकाच्या गृहस्थांनी कुणाकडेच न बघता विचारलं, ‘हतनूरचे किती दरवाजे उघडले म्हणे?’ ओटा गप्प. माझा नवरा शेजाऱ्याला काही सांगत होता तो थांबला. दुसऱ्या टोकाचे गृहस्थ, तेही कुणाकडेच न बघता, घळीला उद्देशून म्हणाले, ‘एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.’ नवऱ्याने माझा हात दाबला. ‘लागलं,’ तो पुटपुटला. साडेपाचला सभा सुरू झाल्यावर त्या दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांच्या ठरावांना विरोध केला, पण त्यात पूर्वीचा लोड नव्हता.

नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली, ऐन वैशाखात गेले. आमचा संघ रीतसर नोंदलेला आहे, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, दोन्ही. अशा संस्थेत विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज भरायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. अर्ज साधा आहे. जुनं नाव, नवं नाव, बदलाचं कारण. कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहायचा. सचिवांनी तो अर्ज पहिल्याच वर्षी आणून ठेवला, बाकी सगळं भरलं, आणि तो रकाना मोकळा ठेवून वहीत घातला. उपाध्यक्षांना विचारलं तर ते म्हणतात, ‘मी काय, मी स्टँडबाय.’ सभा तेच चालवतात, सह्या तेच करतात, पण नोटिशीवर अध्यक्ष म्हणून छापलेलं नाव नानांचं आहे, कागदोपत्री नाना आजही आमचे अध्यक्ष आहेत, आणि शेवटच्या विषयासाठी दर वर्षी परवानगी घ्यायची ती त्यांचीच. सरकारी सल्लागार असलेल्या एका सभासदाच्या जावयाने आम्हाला बजावलं आहे की हे नियमबाह्य आहे. सगळ्यांनी ते मान्य केलं. विषयपत्रिकेत घालायचंही ठरलं, आणि दर वर्षी तो विषय नेमका तहकुबीत निघतो. त्या वेळी नानांबद्दल पुष्कळ बोलणं होतं. परमिट, लॉगबुक, १-सी ची बढती. आक्का सांगतात की त्यांच्या यजमानांच्या आजारपणात नाना रोज रात्री दोनला उठून नळाचं पाणी भरून द्यायचे, आणि भरल्याची वेळ हंड्यावर खडूने लिहायचे. बोलता बोलता साडेपाच होतात, रस्त्यावरून उरलेली मंडळी येताना दिसतात, आणि सचिव वही उघडून म्हणतात, ‘चला, तहकूब सभा सुरू करू या.’

सभा सुरू झाली की पंधरा मिनिटांत संपते. इतिवृत्त कायम, जमाखर्च मंजूर, घळीबाबत चिंता, वाऱ्याबाबत नापसंती, कुत्र्यांबाबत विचार पुढील वर्षी. या वेळी आयत्या वेळचा विषय एकच आला, थंडी पडल्यावर ओपन स्पेसमध्ये करायच्या भरीत पार्टीचा, आणि तिथे मात्र सभेला खरी धार चढली. वांगी बामणोदची आणायची यावर दुमत नव्हतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तर ते बोलूनच दाखवायचं नाही. पऱ्हाट्या कुणाच्या शेतातून आणायच्या, तेल किती, कांद्याची पात ठेचताना घालायची की वरून, कळण्याची भाकरी की पुरी, आणि ठेचायला बडगी कुणाची, यावर पाऊण तास गेला. भिंतवाल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाकडे बडगी आहे आणि दुसऱ्याकडे मुसळी, असं निष्पन्न झालं. ठराव लिहायला घेत सचिवांनी विचारलं, ‘सूचक कोण?’ तर ओट्यावरचे सगळे हात एकदम वर गेले, आणि अनुमोदक म्हणून कुणाचं नाव टाकायचं याचा वाद अंधार पडेपर्यंत चालला.